वाट्यावरचे चेंडू

ओहोटीला गुणा तारी खाडीत उतरते
तिसऱ्या काढायला,
आणि गेली तीन वर्षं तिच्या टोपलीत
तिसऱ्यांखाली चेंडू येतात.
वर सड्यावर रिसॉर्टवाल्यांनी नऊ होलांचं मैदान केलंय.
सातव्या होलाला वारा आडवा,
पाहुण्यांचे फटके सरळ पाण्यात.

मिठबावच्या बाजारात ती ते वाट्यावर विकते.
एका पाटावर तिसऱ्या, दुसऱ्यावर चेंडू,
दोन्हींवर सारखंच पाणी शिंपडते.
"पन्नासाक वाटो. धा चेंडू. निवडूक गावाचा नाय."

पण मला निवडायचेत.
पस्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनाशी काढली,
नट हातात घेतला की त्याचे आटे बोटांना कळतात.
आता ऑपरेशननंतर उजवा खांदा
सदरा टांगायच्या खुंटीपर्यंत जातो, पुढे नाही.
लांबचा फटका संपला.
उरलं ते विहिरीपासून खळ्यापर्यंत:
बावीस पावलं, मध्ये एक रातांबा,
खळ्यात मांडलेलं जुनं सूप.

सुरुवातीला मिळेल ते नेलं.
पिवळे, काळ्या पट्ट्याचे,
कुठल्याशा सिमेंट कंपनीची जाहिरात छापलेले.
एक टप्पा घेऊन सुपाशी गुमान थांबायचा,
तसाच मारलेला दुसरा
खळं ओलांडून शिरसाटांच्या अळवात.
महिनाभर मी मनगटाला शिव्या दिल्या.
मनगट बरोबर होतं.

तेव्हापासून एकेक बघतो.
आधी अंगठ्याचं नख:
किंचित रुतून परत यायला हवं.
मग जांभ्याच्या पायरीवर, गुडघ्याच्या उंचीवरून,
टक् वाजला तो परत पाटावर,
ठप् वाजला तो पिशवीत.
कापलेलं आवरण नको, तिथे फिरकी अडखळते.
आणि चिखलात फार दिवस राहिलेला
ओळखायचा चकाकीवरून,
शिळ्या बांगड्याच्या डोळ्यासारखी ती मेलेली असते.
हे शेवटचं गुणानं शिकवलं.
तिनं आयुष्यात काठी फिरवलेली नाही.

"सगळे सारखेच कित्याक होये तुमका?" तिनं विचारलं,
"एका वाट्यातले मासे तरी खंय सारके असतत?"
मी म्हटलं, दहा तऱ्हेचे चेंडू मारले
की दहा उत्तरं येतात, गुणाबाय.
माझा प्रश्न एकच आहे,
किती जोर.
तिनं मान हलवली, बहुतेक माझ्यासाठी नाही,
मागे उभ्या गिऱ्हाइकाला तिसऱ्या मोजून देत होती.

पुढच्या अमावास्येला मोठी ओहोटी.
तिनं केळीच्या पानात बांधून वेगळे ठेवले होते
नऊ.
एकाच कंपनीचे, मऊ आवरणाचे, नख रुतणारे,
प्रत्येकावर तीनचा आकडा
आणि शेजारी हातानं काढलेला
लाल शाईचा बारीक त्रिकोण.
"एकाच जाग्यार होते," म्हणाली. "एका हाताभराच्या जाग्यार."

एवढे सारखे चेंडू मी दुकानातसुद्धा पाहिले नव्हते.
पैसे देताना लक्षात आलं:
कोणीतरी एका दुपारी सातव्या होलाला उभा राहून
तोच फटका नऊ वेळा मारला.
वारा बदलला नाही, त्यानंही काही बदललं नाही.
कॅडी पोरगा शेजारी गप्प उभा असेल.

मी रोज संध्याकाळी त्याचेच चेंडू मारतो.
बावीस पावलं, रातांब्याच्या डावीकडून.
नवांतले चार सुपात, कधी पाच.
पडलेले गोळा करताना त्रिकोण पुसट होत चाललाय,
परवा बॉलपेननं एक गिरवला,
मग उरलेले आठही गिरवून टाकले.

दहावा गुणाला अजून सापडलेला नाही.
दर ओहोटीला ती मला
न विचारताच मान हलवते.
खिशात घालून गेला असेल तो.